गच्चीची चावी आणि पाण्याची वही : मराठवाड्यातल्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कमिटी सदस्य,
गृहनिर्माण सोसायट्या व अपार्टमेंट असोसिएशन,
मराठवाडा

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे गणपतीच्या आगेमागे आपल्याकडे सभांच्या नोटिसा लागायला लागतात. मेंटेनन्सची थकबाकी, लिफ्टची दुरुस्ती, टँकरचा खर्च, पार्किंगची भांडणं हे विषय ठरलेले. गेल्या काही वर्षांत त्यात एका अर्जाची भर पडली आहे. कुणीतरी मोबाईलवर पाइपात वाढलेली हिरवीगार भाजी बघतं आणि गच्चीवर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना, खत मिसळलेल्या फिरत्या पाण्यावर भाजी, लावायची परवानगी मागतं. कमिटीचं उत्तर बहुतेक दोनपैकी एक असतं. एक तर 'तुमच्या जबाबदारीवर करा', नाहीतर 'गच्ची कॉमन आहे, एकाला दिली की सगळे मागतील', आणि मग गच्चीच्या दाराला कुलूप. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. म्हणून हे पत्र.

मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका चार मजली इमारतीत राहते. आमच्याकडे काही घरं मिळून गच्चीवर अशी बाग चालवतात, त्यांत आमचंही घर आहे. माहेर गंगापूर तालुक्यातलं. भावाची शेती ठिबकवर आहे, त्यामुळे विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खतांच्या पिशव्या, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप) हे मला नवं नव्हतं. माझी मागणी एकच आहे. गच्चीवर बाग होणार असेल तर ती सगळ्या इमारतीची असू द्या, आणि तिला पहिल्या दिवसापासून पाण्याचा हिशेब लावा.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण सभेत पहिला हात त्यासाठीच वर होतो आणि तो व्हायलाच हवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी मार्चमध्ये तिथे पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश निघाला होता. आमच्या शहराच्या उशाला जायकवाडीसारखं धरण आहे, तरी नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. अशा ठिकाणी कुणी 'पाण्यात भाजी लावू या' म्हटलं की माणसं भडकतात. ज्यांनी मध्यरात्री टँकरच्या हॉर्नला उठून टाकीचं झाकण उघडलं आहे, त्यांचा तो राग खरा आहे. त्यांना 'पर्यावरण' वगैरे सांगून भागत नाही, आकडे द्यावे लागतात.

तर आकडे. भाजी पाण्यात उभी असली तरी ती खर्च करते ते पानांतून उडून जाणारं पाणी. बाकीचं टाकीत परत येतं आणि पुन्हा फिरतं. वाफ्यात दिलेल्या पाण्यातलं बरंचसं खाली झिरपतं, बरंचसं मातीवरूनच उडतं. इथे हे दोन्ही जवळजवळ नसतं. आपल्या हवेत थंडीच्या दिवसांत पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. वीस चौरस मीटरची बाग धरली तर दिवसाला ऐंशी लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे दहा-बारा घरांची मिळून केलेली बाग एका माणसाच्या वाट्याइतकंही पाणी घेत नाही. उन्हाळ्यात एक मोठा डेझर्ट कूलर दिवसभरात पन्नास लिटर सहज उडवतो, आणि कूलर लावायला कुणी सभेची परवानगी मागत नाही.

याबाबतीत एक परदेशी आकडा फार फिरतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ साली लेट्यूसचा हिशेब मांडला होता : शेतात किलोमागे सुमारे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २०. त्याच अभ्यासात विजेचा आणि इतर ऊर्जेचा खर्च मात्र ऐंशी पटींहून जास्त निघाला होता. हे सहसा कुणी सांगत नाही. तो खर्च मुख्यतः बंदिस्त हरितगृह गार किंवा गरम ठेवण्याचा होता. आपल्याला तसलं काही करायचं नाही. पण हवा आपल्या हातात नसली की ऋतूचं ऐकावं लागतं. त्यावर पुढे लिहिते.

हे ऐंशी लिटर आणायचे कुठून? आधी वर बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो असं धरलं, तर दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर १,४०,००० लिटर पाणी पडतं आणि पाइपातून गटारात जातं. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तसं स्पष्ट आहे. तुमच्या इमारतीचा तो पाइप खाली नेमका कुठे जातो, हे एकदा पार्किंगमध्ये वाकून बघाच. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत लावलेला आणि नंतर रंगकामात कापून टाकलेला पाइप मी पाहिला आहे. जमिनीवर पाच हजार लिटरची एक टाकी त्या पाइपाला जोडली की बागेची दोन महिन्यांची सोय होते. बागेच्या ठरावातच ही टाकी घाला. बाग पुढे बंद पडली तरी टाकी इमारतीला राहील.

पावसाच्या पाण्याचा आग्रह नुसता बचतीसाठी नाही. मुंबई-पुण्याचे व्हिडिओ बघून सुरू केलेल्या बागा आपल्याकडे इथेच मार खातात. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. पालेभाजीच्या द्रावणाचा, म्हणजे खत विरघळवलेल्या पाण्याचा, टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) खतासकट सहाशे ते नऊशेच्या दरम्यान ठेवायचा असतो. बोअरच्या पाण्याचाच आठशे असला तर ताट आधीच भरलेलं; खत वाढायचं कुठे? शिवाय त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच वर चढत राहतो. तो साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये असला तर मुळं अन्न घेतात. त्याच्या वर गेला की पाण्यात लोह असूनही रोपाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. मग लोक आणखी खत ओततात आणि रोपं मरतात.

आरओचं वाया जाणारं पाणी बागेला वापरू, असं कुणीतरी सभेत हमखास सुचवतं. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा. एसीच्या पाण्याचंही तसंच. मुंबईच्या दमट हवेत एसीखाली बादली भरते. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये तळही ओला होत नाही. राहतं ते पावसाचं पाणी, आणि ते संपत आलं की त्यात निम्मं बोअरचं. सुरू करण्याआधी पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत देऊन या. खर्च किरकोळ आहे, आणि पाणी अजिबात चालण्यासारखं नसेल तर पाइप विकत घ्यायच्या आधीच कळतं.

आता ऋतू. ही बाग बारमाही चालवू नका. दसऱ्याच्या सुमारास लावा आणि होळीला बंद करा. द्रावणाचं तापमान पंचवीस अंशांच्या वर जाऊ लागलं की पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. आपल्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसला टेकतो, तेव्हा टाकीतलं पाणी अंघोळीचं होतं. मेथीचं रोप पाइपाच्या भोकातल्या जाळीच्या कपातून उचलून बघा : जानेवारीत मुळं पांढरीशुभ्र, दोऱ्याच्या गुंड्यासारखी मोकळी असतात, मार्च संपता संपता तीच तपकिरी आणि बुळबुळीत होतात, चिमटीत धरली की साल निघून आतला धागा तेवढा हातात राहतो, आणि पाण्याला कुजका वास येतो. यावर पाणी गार करायची यंत्रं मिळतात. विजेच्या बिलासकट ती आपल्याला परवडणारी नाहीत आणि भाजीसाठी ती घ्यावीत असं मला वाटतही नाही.

होळीला बंद करण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. माझ्या माहितीतल्या एका इमारतीत बागेचा प्रस्ताव पाण्यावरून नव्हे, कुरडया-पापडांवरून पडला. 'उन्हाळ्यात वाळवणं घालायची कुठं?' असं तिथल्या ज्येष्ठ बायकांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. ती गच्ची त्यांचीही आहे. पाइप धुऊन, पुसून, जिन्याखाली रचून ठेवले की चैत्र-वैशाखात सगळी गच्ची वाळवणाला मोकळी. टँकरचे दिवसही तेच, म्हणजे ज्या महिन्यांत पाण्यावरून भांडणं होतात त्या महिन्यांत बागेला एक थेंबही लागत नाही.

वजनाचं थोडक्यात. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची भीती खरी असते. माणसांच्या वावराच्या गच्चीवर साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोचा वावरता भार धरतात. फूटभर ओल्या मातीचा वाफा एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो, म्हणूनच मातीच्या गच्चीबागेला मी स्वतः कमिटीत असते तर सहजासहजी हो म्हटलं नसतं. चार इंची पाइपात तीन सेंटिमीटर पाणी ठेवलं तर पाइप, पाणी, स्टँड, रोपं असं सगळं मिळून, एकच थर असेल तर, चाळीस किलोच्या आत राहतं. द्रावणाची टाकी तेवढी बीमवर, कॉलमजवळ ठेवा. स्लॅबला एकही भोक पाडू देऊ नका. स्टँडच्या पायांखाली रबराचे तुकडे पुरतात. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. शेडनेट लावलीच तर पटकन उतरवता येईल अशी लावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण कुणी विसरलेलो नाही.

आता बाग सामाईक का हवी, ते सांगते. सोसायटी असो की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन, गच्ची सगळ्यांच्या मालकीची असते. ती एका घराला बागेसाठी देणं कमिटीच्या हातात नाही, तो निर्णय सभेचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी एकेकट्याची बाग चालत नाही. प्रत्येकाची वेगळी टाकी, वेगळा पंप, जिन्यातून लोंबणारी वेगळी वायर, आणि वरच्या टाकीतून कुणी किती पाणी घेतलं याचा पत्ता नाही. दिवाळीला घर गावाला गेलं की चार दिवसांत सगळं वाळतं आणि मग ते भंगार वर्षभर गच्चीवर पडून राहतं. मातीतली कुंडी दोन दिवसांचं दुर्लक्ष सोसते. पाइपातल्या रोपाला रोज सकाळी कुणीतरी भेटावंच लागतं, आणि एका घराला रोज जमत नाही. पाच-सहा घरांना जमतं.

त्या रोजच्या कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे ते अवघड वाटणार नाही. आमच्याकडे गच्चीच्या खोलीत दोन कॅन आहेत, एकावर रंगानं 'अ' आणि दुसऱ्यावर 'ब' लिहिलेलं. 'अ'मध्ये कॅल्शियम नायट्रेट. 'ब'मध्ये ०:५२:३४ आणि १३:०:४५ ही विद्राव्य खतं (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळतात तीच ही खतं, 'हायड्रोपोनिक किट' म्हणून महाग पडणारी डबी घ्यायची गरज नाही. ही दोन घट्ट द्रावणं एकमेकांत कधीही ओतायची नाहीत. ओतली तर डोळ्यांदेखत पाणी दुधाळ होतं आणि तळाला पांढरा साका बसतो. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट एकमेकांना धरून बसतात, मुळांना काहीच मिळत नाही. टाकीत आधी पाणी, मग 'अ' घालून चांगलं ढवळायचं, मग 'ब'. त्यानंतर टीडीएसचं पेन बुडवायचं, पीएचचे थेंब टाकून रंग बघायचा, टाकीवर चिकटवलेल्या पट्टीवर पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे शाळकरी पोरं ते मोठ्यांपेक्षा नेटकं करतात, फक्त पीएच कमी करायचं ॲसिड मोठ्यांच्या हाती आणि कुलपात.

या वहीला मी बागेइतकंच महत्त्व देते. रोज किती लिटर पाणी गेलं ते तिच्यात असतं. तुमच्यापैकी किती इमारतींत महिन्याला टँकर किती आले, बोअर किती तास चालला, याची एका जागी नोंद आहे? आमच्याकडे नव्हती. बागेची वही सुरू झाल्यावर कुणीतरी सहज विचारलं की मग वरच्या टाकीचीही नोंद का नको, आणि दुसऱ्या विंगच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह रात्रभर गळत होता हे त्यातून सापडलं. त्या गळतीत बागेपेक्षा कितीतरी जास्त पाणी जात होतं.

डासांचा मुद्दा आरोग्य विभाग काढेल आणि काढायलाच हवा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. टाकीला घट्ट झाकण, पाइपाची प्रत्येक रिकामी भोकं बुचानं बंद. उजेड आत गेला नाही की शेवाळही होत नाही. विजेचं म्हणाल तर पंप कूलरच्या पंपाएवढा, वीस-पंचवीस वॅटचा. वीज गेली तर पाइपात साठलेल्या त्या तीन सेंटिमीटर पाण्यावर थंडीत रोपं काही तास आरामात काढतात, म्हणून पाण्याची नुसती पातळ धार वाहणारी मांडणी आपल्या लोडशेडिंगला घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी बदललेलं द्रावण गटारात सोडू नका, त्यात नायट्रेट असतं. पाणी मिसळून इमारतीभोवतीच्या झाडांना द्या.

आणि पैशाचं खरं बोलते. ही बाग पैसे वाचवत नाही. थंडीत आपल्या पाइपांना बहर येतो तेव्हाच जाधववाडीच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचा ढीग लागलेला असतो आणि भाव पार पडलेला असतो. वीस चौरस मीटरमधून महिन्याला तीस-चाळीस किलो पाला निघाला, तर बारा घरांत घरटी तीन किलो. कुणाचं भाजीचं बिल त्यानं बदलत नाही. कुणी तुम्हाला गुंतवणूक दोन वर्षांत फिटेल असं सांगत असेल तर त्याचं पॅकेज घेऊ नका. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे आणि शेतकऱ्याची मेथी घेणं बंद करा असं कधीच म्हणणार नाही. आम्ही मुद्दाम पुदिना, कोथिंबीर, चुका, शेपू असं थोडं-थोडं लावतो, जे तोडल्यावर तासाभरात मरगळतं आणि जे ताज्यात वेगळंच लागतं. मेथी पोरांच्या हट्टासाठी. मला यातून मिळतं ते असं की ज्या मजल्यांवरची माणसं एकमेकांना फक्त थकबाकीच्या यादीत ओळखायची, ती आता सकाळी वर भेटतात. यासाठी इमारतीनं थोडे पैसे घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला आणि जिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांना यातच एक विनंती करते. तुमची प्रशिक्षणं शेतकऱ्यांसाठी आहेत आणि तशीच असावीत. पण वर्षातून एकदा, सप्टेंबरात, शहरातल्या सोसायट्यांसाठी एका दिवसाचा वर्ग घ्या : आपल्या जड पाण्यात द्रावण कसं बसवायचं, एवढ्या एकाच विषयावर. त्याचं उत्तर व्हिडिओत नाही, तुमच्याकडे आहे.

कमिट्यांसाठी ठरावाचा मसुदा खाली देते, हवा तसा बदला.

'इमारतीच्या गच्चीवर, अभियंत्यानं सुचवलेल्या भागात, इच्छुक सभासदांची सामाईक मातीविना बाग दसरा ते होळी या काळात चालवण्यास ही सभा मान्यता देते. बागेचा खर्च सहभागी सभासद करतील. पावसाच्या पाण्याची टाकी सोसायटीच्या निधीतून घेतली जाईल व ती सोसायटीची मालमत्ता राहील. पाण्याच्या रोजच्या वापराची वही सर्वांना बघता येईल अशा जागी राहील. टँकर मागवण्याची वेळ आल्यास बाग त्याच आठवड्यात थांबवली जाईल. भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांनाही सहभागी होता येईल. निघालेल्या भाजीत वॉचमन आणि सफाई कामगारांचा वाटा सहभागी घरांएवढाच राहील. गच्चीची एक चावी बागेच्या त्या आठवड्याच्या जबाबदार घराकडे असेल.'

सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. हा विषय त्या नोटिशीतच क्रमांक घालून घ्या, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां'त ढकलू नका. तो विषय येईपर्यंत चहा आलेला असतो आणि निम्मी माणसं घरी गेलेली असतात.

आपली,
सिडकोतली एक सभासद
छत्रपती संभाजीनगर